किट बंद करून गाडी चालवली, अन् घोळ समजला

भावांनो, कच्छातून लिहून राह्यलो. आमच्या शेठनं ट्रकले हायड्रोजनचं किट लावलं. पाण्यातून गॅस बनते, इंजिनात जाते अन् डिझेल वाचते म्हणे. काल लोड घेऊन गेलतो, अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं. मी खुशीत दिग्रसले दादाले फोन केला, "आपल्या गाडीले बी लावून टाक."

आज सकाळी जोडीदार ड्रायव्हर हसला. "किट लगने के बाद तू नई बहू जैसा चला रहा है. बटन बंद करके देख."

खरंच होतं. शेठ अ‍ॅव्हरेज पाहणार म्हणून मी पाय हलकाच ठेवून राह्यलो होतो. मंग आज किट बंद केलं. तोच रस्ता, तेवढाच लोड, तसाच हलका पाय. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून मोजलं. अ‍ॅव्हरेज कालच्याएवढंच!

लगेच दादाले फोन लावला, तर वहिनीनं उचलला. "ते किट लावाले मिस्त्रीकडं गेले, फोन घरीच राह्यला. तुमीच म्हटलं न भाऊजी?"

तवापासून जीव थाऱ्यावर नाही. तुमच्यापैकी कोणी किट बंद करून पाहिलं काय?

अन् दिग्रसात कोणी असन तर बायपासच्या मिस्त्रीकडं पळा रे. दादाले म्हणा, किटसाठी इंजिनाचा पाईप कापू देऊ नको, अगोदर भावाले फोन लाव.