गळ्यावरची दोन बोटं

इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत हीटरजवळची खुर्ची मला आवडते, पण माझ्याआधीच ते काका तिथे येऊन बसलेले असायचे. समोर तुर्की व्याकरणाचं पुस्तक, दोन बोटं गळ्यावर आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. रिटायर झाल्यावर लोक काय काय नाद लावून घेतात, असं म्हणून मी दुर्लक्ष करायचो.

एकदा न राहवून विचारलंच. मराठी ऐकून ते सावरून बसले.

"तुर्कीत पुस्तकाला किताप म्हणतात. पण 'माझं पुस्तक' म्हणायचं, तर शेवटच्या 'प'चा 'ब' होतो. किताबम. 'ब' नीट आला की गळा थरथरतो. तेच चेक करतो."

"पण हे सगळं कशासाठी, काका?"

मुलगी वारल्यावर जावई नातवाला घेऊन तुर्कस्तानात परत गेला, म्हणाले. नातवाला मराठी कधी आलंच नाही, इंग्लिशही तो विसरत चालला. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा.

"आता नाही होत?"

"जावयाने दुसरं लग्न केलं. नंबरही बदलला." त्यांनी पान उलटलं. "शिकणं बंद केलं, तर तो आपला राहिला नाही हे मान्य केल्यासारखं होईल हो."

त्यांची बोटं पुन्हा गळ्यावर गेली.

घरी आल्यावर मी उगाच तसं करून पाहिलं. मोठ्याने 'ब' म्हटलं की गळा खरंच थरथरतो. कुजबुजत म्हटलं, तर बोटांना काहीच जाणवत नाही.

आणि लायब्ररीत ते रोज कुजबुजतच असायचे.