हमीभावाची पोती आणि सुनीताचं लग्न

बाजारात भाव पडला की आडत दुकानात माल कमी आणि गप्पा जास्त येतात. माझं दुकान लातूरच्या मार्केट यार्डात; शेतकऱ्याचा माल खरेदीदारांना विकून द्यायचा आणि दलाली घ्यायची. गेल्या हंगामात तर गप्पांची आवक एवढी वाढली की ठेवायला जागा उरली नाही! त्यातल्या बऱ्याच औशाकडच्या नामदेवकाकांच्या. माझ्या वडिलांच्या काळापासून त्यांचं सोयाबीन आमच्याच दुकानात येतं.

*

सरकारनं हमीभाव वाढवला, त्या दिवशी काका पेढे घेऊन आले. "भाव वाढला!"

शेजारच्या दुकानातले बसवराजआप्पा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "कुठं?"

"टीव्हीवर दाखवून राहिले की!"

"मग रास झाली की पोती टीव्हीतच घाला. यार्डात कालचाच भाव हाय!"

काका हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी काकूंना शब्द दिला, "यंदा सोयाबीन हमीभावानंच विकीन, आन् त्यातच आपल्या सुनीताचं लग्न लावीन."

*

सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करायची आणि मोबाईलवर मेसेज आला की माल न्यायचा, अशी पद्धत. काकांनी नोंदणी केली. दिवाळी होऊन गेली तरी मेसेज येईना. पोत्यांची थप्पी बैठकीतच लागली.

अशात सुनीताला बघायला पाहुणे आले. बसवायचं कुठं? मुलाचे वडील निवांत एका पोत्यावर टेकले, हातानं चाचपून म्हणाले, "हमीभावाची वाट बघून राहिलात?"

"हाव."

"आमच्याकडं पलंगावर पोती हायत. आमी खाली झोपतो!"

सोयरीक तिथंच जमली.

*

केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर चालत नाही. काका मूठभर सोयाबीन रुमालात बांधून आधीच तपासायला घेऊन गेले. ओलं निघालं. गच्चीवर वाळवून पुन्हा नेलं, तर पास! पण तोवर केंद्रावरचा बारदाना संपला होता. रिकामी पोतीच नाहीत म्हटल्यावर खरेदी बंद.

"माझ्या घरची पोती घ्या की!"

"सरकारी छापाचीच लागतात, काका."

परत जाताना ते माझ्या दुकानात टेकले. म्हणाले, "वाळवून वाळवून सोयाबीन हलकं झालं. आता मी बी वाळून राहिलो."

*

लग्न तोंडावर आलं तेव्हा काकांनी पोती टेम्पोत घालून माझ्या दारात आणली. नेमकी त्याच दिवशी यार्डात बातमी पसरली की हमीभावाच्या खाली घेणाऱ्या व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल होणार. खरेदीदार गायब! लिलावाचा सौदाच निघाला नाही.

काकांनी आप्पांना विचारलं, "म्हंजी कमीनं घेतलं तर गुन्हा, आन् घेतलंच न्हाई तर कायदा पाळला?"

हमीभाव नसता तर आम्ही व्यापाऱ्यांनी भाव कुठवर पाडला असता, हे यार्डात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. तो हवाच. पण नुसता भाव ठरवून भागत नाही, त्या भावानं घेणाराही उभा करावा लागतो. काका दिवसभर पोत्यावर बसून होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

चार दिवसांनी वातावरण निवळलं, सौदा निघाला, सोयाबीन गेलं. हमीभावाच्या बरंच खाली. काका एवढंच म्हणाले, "तुझ्या काकूला मी सांगीन. तू बोलू नको."

*

लग्न दणक्यात झालं. पंगतीत काका स्वतः आग्रह करकरून बुंदी वाढत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. हात बुंदीचे, चष्मा घरात, म्हणून त्यांनी मलाच वाचायला सांगितलं. मी मोठ्यानं वाचून बसलो, "आपला नंबर लागला आहे. सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर यावे."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन होत्या तिथंच थांबल्या.

काकांनी पुढच्या पानात बुंदी वाढली आणि माझ्याकडे वळले.

"उत्तर लिही."

"काय लिहू, काका?"

"लिही, सोयाबीन गेलं. पण पंगत अजून चालू हाय. जेवायला या."