नवव्या घरातली यादी

माझ्या कॉम्प्युटरवर नऊ डेस्कटॉप आहेत. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन घरं. लिनक्समध्ये असं करता येतं हे मला आमच्या टीममधल्या नागपूरच्या सहकाऱ्यानं दाखवलं. तो नुकताच बायको-मुलीसह आमच्या शहरात, सर्जापूर रोडला राहायला आला होता. त्याआधी माझी सगळी कामं एका लांब ओळीत असत आणि हवी ती खिडकी शोधण्यात निम्मी सकाळ जाई.

"ताई, सगळ्यांना रांगेत काहून उभं करता? चौकोनात बसवा ना," म्हणाला आणि पाच मिनिटांत बसवूनही दिलं.

पहिल्या दिवशी मी वैतागले. उजव्या टोकाला जाऊन पुन्हा बाणाचं बटण दाबलं की मी थेट डाव्या टोकाला पोचायची. वर-खालीही तसंच. त्यानं सेटिंगमधल्या एका पर्यायापुढची खूण काढून टाकली. "घ्या, भिंत बांधली. आता धावत गेलात तरी टेकाल."

भिंतीमुळे मी घरं मोजणं सोडलं. लिहिण्याचं काम मधल्या घरात, मेल वरच्या डाव्या कोपऱ्यात. मेल हवी की वर-वर, डावी-डावी. खरं तर एकेकदा पुरतं, पण भिंत असताना कोण मोजतंय?

खालचा उजवा कोपरा, म्हणजे नववं घर, मेलपासून सगळ्यांत लांब. कुणी बघू नये ते मी तिथे ठेवत असे. त्या आठवड्यात तिथे एक यादी होती. आम्ही सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहितो, पाच जण आणि त्यांच्यावर मी. पाचातला एक कमी करायचा होता आणि त्याचं नाव मी सोमवारपर्यंत साहेबांना द्यायचं होतं. यादी मी मराठीत केली होती. आम्ही याच शहरातल्या चामराजपेटेतले पिढ्यान्‌पिढ्यांचे, मराठी आमची फक्त घरातली भाषा; बाहेर ती फारशी कुणाला येत नाही. ऑफिसात तिचा मला कुलपासारखा उपयोग होई. बाकी चौघांपैकी शाळेत हिंदी शिकलेला एखादा अक्षर-अक्षर लावील, पण त्याला वेळ लागेल. झरकन वाचणारा एकच होता, आणि खूण मी त्याच्याच नावापुढे केली होती.

शुक्रवारी अकराला मीटिंग होती. मी घरून, पूर्ण स्क्रीन शेअर करून बोलत होते. एक मेल दाखवायची म्हणून वर-वर, डावी-डावी दाबलं. समोर यादी आली. चष्म्यामुळे माझी अक्षरंही मोठी. त्याचं नाव, आणि पुढे: याला काढलं तर गोंगाट होणार नाही.

माझा हात बटणावरच राहिला. आदल्या संध्याकाळी सिस्टिम अपडेट केली होती, त्यात भिंत पडली होती. मधल्या घरातून वर दोनदा दाबून मी सगळ्यांत खाली आले होते आणि डावीकडे दोनदा दाबून सगळ्यांत उजवीकडे. हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त इतकंच कळत होतं की पाच चेहरे स्क्रीनकडे बघताहेत.

तोच बोलला, इंग्रजीत, अगदी शांतपणे. "स्क्रीन अडकली वाटतं. बंद करून पुन्हा शेअर करता का?"

मी केली. मीटिंग कशी संपवली ते आठवत नाही. मीच त्याला फोन लावला.

"ताई, भिंत पडली वाटतं," तो म्हणाला.

"हो. अजून काही पाठवलेलं नाही मी."

"मीच काहून?"

खोटं सुचलंच नाही. "तू ओरडणार नाहीस म्हणून."

"मग आता ओरडू का? किती जोरात, ते सांगा." तो हसला. "माझ्या कामात काय वाईट आहे ते लिहा ताई. तसं काही असेल तर नाव राहू द्या. नसेल तर खोडा."

दुपारभर मी पाचही जणांचं काम काढून बसले. त्याच्या नावापुढे लिहायला काही सापडेना. बाकीच्यांच्याही नावापुढे एकाला काढावं इतकं काही नव्हतं. यादी पुसली आणि साहेबांना कळवलं की कामावरून मला नाव देता येत नाही.

"सरी, ठीक आहे, मग मीच बघतो," साहेब म्हणाले.

गुरुवारी नाव आलं. त्याचंच.

मी कारण विचारलं. माझी यादी साहेबांनी कधी पाहिली नव्हती, त्यांना मराठीही येत नाही. म्हणाले, "शांत माणूस आहे. त्रास देणार नाही."

माझंच वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. यादी पुसताना वाटलं होतं, ते वाक्य गेलं.

त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ओरडायलाच पाहिजे होतं. मुलीची आत्ताच शाळा सुरू झालीये हो."

मग मी व्हाइटफील्डमधल्या कंपन्यांतल्या माझ्या जुन्या ओळखीच्या तिघींना फोन केले आणि त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. त्यानं काय काय लिहिलं, किती चुका पकडल्या, कुणाकुणाला शिकवलं, सगळं घातलं. नऊ घरांचंही घातलं. शांत हा शब्द तेवढा कुठे येऊ दिला नाही.