पट्ट्याची मशीन

जिनिंगला कुलूप लागलं तेव्हा बाकीच्यांनी हाताला लागेल ते सामान घरी नेलं. बाबांनी फक्त राळेचा डबा आणला. ते कळंबच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनी लांब चामडी पट्ट्यांवर फिरायच्या. पट्टा घसरायला लागला की त्याला राळ चोळायची, मग तो पुन्हा चाकाला घट्ट धरायचा. बाबांनी उभा जन्म हेच केलं. त्या वर्षांत कापसाला भाव राहिला नाही, जिनिंगकडे येणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या आणि मालकाने नागपूरला जाऊन दुसरा धंदा काढला. मालकांचं कधी काही बंद पडत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

पुढे रोज सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कुणी बोलवायला आलं तर तयार असावं म्हणून. कुणी यायचं नाही.

मी बसस्टँडजवळच्या दुकानात कॅसेटी भरून द्यायचो. नागपूरच्या एका लग्नात मी पहिल्यांदा डीजे पाहिला. रेकॉर्ड फिरवणारे दोन टर्नटेबल, मधे मिक्सर, आणि तो माणूस बोटाने रेकॉर्ड धरून ठेवायचा आणि नेमका ठेका आला की सोडायचा. अख्खा मांडव उसळायचा. ज्याला कापूस चिकटलेला नाही असा हा एकच धंदा मला दिसला. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून सामान जमवायचं ठरवलं. स्पीकर झाले, मिक्सर झाला, टर्नटेबल राहिले.

ते घ्यायला नागपूरला गेलो तर बाबाही शर्ट घालून एसटीत येऊन बसले. जुन्या मालाच्या दुकानात दोन जोड्या होत्या. एकीत मोटर थेट रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या खाली. रेकॉर्ड धरा, सोडा, लगेच पूर्ण वेगात. दुसरीत मोटर कोपऱ्यात आणि तिच्यापासून तबकडीपर्यंत रबरी पट्टा. डीजेला पहिलीच लागते, हे मला पक्कं माहीत होतं. दुकानदारही तेच म्हणाला.

बाबांनी दुसरीची तबकडी उचलून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"पट्टा हाये याले," ते म्हणाले. "हेच घे."

"बाबा, हे घरी गाणे आयकाले हाये. हात लावला का घसरते."

"घसरते त मी हावो ना! त्या पहिलीची मोटर जयली त कोन बनवन? आपल्या इकडची लाइन कशी हाये, तुले माहीत नाई?"

लाइनचं खरंच होतं. कधी दिवा निखाऱ्यासारखा, कधी बल्ब फुटेल इतका उजेड. पण मी लाइनसाठी ती जोडी घेतली नाही. जिनिंग बंद पडल्यापासून 'मी हावो ना' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मावसभाऊ मला कोपराने ढोसत राहिला, तरी मी पट्ट्याचीच उचलली.

पहिलं काम आमच्याच वस्तीतलं लग्न. बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या, पोरं नाचायला उभी राहिली. बाबा माझ्यामागे खुर्ची टाकून बसले होते. तोच शर्ट, पायाशी पान्यांची पिशवी. मी रेकॉर्ड धरली, सोडली, आणि गाणं रेड्यासारखं रेकून हळूहळू वेगात आलं. पुन्हा तेच. पोरं हसायला लागली. मी म्हणालो, आपण कॅसेट लावू. पण बाबा उठले होते. त्यांनी तबकडी काढली, पिशवीतून राळेचा डबा काढला आणि जिनिंगच्या पट्ट्याला चोळायचे तशी त्या नाजूक रबराला राळ चोळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. मी अडवेपर्यंत चोळूनही झाली होती.

आता पट्टा घसरेना. तो चिकटला. तबकडी अडखळत, झटके देत फिरली, गाणं उचकी लागल्यागत तुटत राहिलं आणि पट्टा तटकन तुटला. नवरीचा काका, ज्याने आयुष्यात स्वतःची सायकलही दुरुस्त केली नसेल, माइक घेऊन म्हणाला, "या बुढ्यानं जिनिंग बंद पाडली, आता लगन बी बंद पाडते!"

सगळे हसले. ज्यांची घरं त्या जिनिंगवर चालली होती, तेही हसले. त्या लोकांना मी आजही माफ केलेलं नाही. शेवटी ढोल-ताशे बडवणाऱ्या धुमालवाल्यांना बोलावलं आणि पोरं त्यांच्यासमोर मनसोक्त नाचली.

बाबांचाही राग आला होता मला. एवढं आयुष्य पट्ट्यांत घालवून चामडं आणि रबर यातला फरक कळू नये? पण राग त्याहून जास्त या गोष्टीचा होता की त्यांना जे येत होतं ते आता कुठेच लागू पडत नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलं होतं.

पुढे मी दुसऱ्याच्या डीजेवर राबलो आणि शेवटी पहिल्या प्रकारची, थेट मोटरची जोडी घरी आणली. बाबा ओट्यावरून उठून आत आले, पिशवी घेऊन. तबकडी उचलून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पट्टा कुठी हाये?"

"पट्टाच नसते बाबा याले."

"मंग याच्यात बिघडते काय?"

"काईच नाई."

"चांगली हाये मशीन," ते म्हणाले आणि तबकडी जपून जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर येऊन बसले, पण शर्ट न घालता. बनियनवरच.