आल्डेगोंडाच्या टोपीतली बाई

माझी मावशी गोडेलीव कोर्ट्राइक गावी लेये नदीकाठी कापड शुभ्र करून द्यायची. विणकरांकडचं करडं कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं, गवतावर उन्हात पसरायचं, यातच तिचा जन्म गेला. एकुलती लेक आल्डेगोंडा हाताशी होती. लग्न ठरलेलं असताना पोर तापाने गेली.

मावशी रडली नाही. पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुरणावर हजर. पण हिवाळ्यात एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अगं, तिचे डोळे आठवतात, हनुवटी आठवते, पण चेहरा काही जुळत नाही. विसरले की काय मी तिला?"

तेव्हा आमच्या चर्चमध्ये ऱ्हाइन नदीकडचा एक चित्रकार वेदीवरची जुनी चित्रं उजळत होता. मावशी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या लेकीचं चित्र काढून द्या."

"बाई, न पाहिलेलं माणूस कसं काढू मी?"

"ती माझ्यावरच गेली होती. तिची टोपी घालून मी बसते. वय तेवढं पुसा."

मावशीचा नवरा योस वैतागला. "या वयात पोरीची टोपी घालून बसणार? गाव हसेल!"

"हसू दे. गावाची पोर नाही गेली."

ओकच्या फळीवर चित्र उतरलं. इथल्या चित्रकारांच्या संघाबाहेरच्या माणसाला असं काम करायला बंदी होती, म्हणून त्याने खाली नाव घातलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

चित्रातले गाल, ओठ तरुण होते. डोळे मात्र मावशीचेच, थकलेले.

"हे तिचे नव्हेत," मावशी म्हणाली.

"मला जे दिसले, ते काढले," तो हळूच म्हणाला.

घरी आणून तिने फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

उन्हाळ्यात विनोक आला. आल्डेगोंडाचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा. त्याने फळी फिरवली आणि खूप वेळ बघत राहिला.

"ही आल्डा नव्हे, हो ना?" मावशीने विचारलं.

"आज नव्हे, आई. पण आमचा संसार झाला असता, चार दुःखं दोघांनी मिळून काढली असती, तर माझ्याकडे असंच बघितलं असतं तिने."

मावशी तोंडात एप्रनचं टोक कोंबून रडू लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. योस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

चित्र चुलीवरच्या भिंतीवर लागलं. दोन वर्षांनी मावशीनेच विनोकला दटावलं, "मेलेल्यांची राखण आम्ही करू. तू लग्न कर बाबा." त्याच्या लग्नाला ती स्वतः गेली, आणि लेकीच्या लग्नासाठी शुभ्र करून ठेवलेलं कापड नव्या नवरीच्या हातात देऊन आली.