पोलंड, मार्गे यवत

फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून तुम्हा अठरा जणांचे फोटो होते, गॉगलसकट. मध्यभागी मी, जन्मात कधी न घातलेल्या कोटात, आणि डोक्यावरून एक विमान चाललेलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या चौकात तो दिवाळीनंतर पंधरा दिवस लटकत होता. आज पोलंडहून तुम्हालाच लिहितोय, कारण वस्तीतला आणखी एक जण इकडे यायला निघालाय आणि त्याचाही फ्लेक्स छापायला टाकलाय, असं कानावर आलं. आधी हे वाचा, मग छापा.

मी निघालो तो दिवस आठवतो ना? विहारात वंदना झाली, बाहेर शाल झाली, हार किती झाले ते मोजायचं राहूनच गेलं. "आपल्या वस्तीतनं इमानात बसून कामाला जाणारा पयला पोरगा," असं तुमच्यातलेच कोणीतरी माईकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आमच्या आप्पांच्या हातातही माईक दिला. आप्पा म्हणजे माझे वडील. गुऱ्हाळांच्या चरकांना आणि कढयांना वेल्डिंग करण्यात त्यांची हयात गेली. त्यांचं भाषण बापजन्मात कुणी ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "जपून ऱ्हा," आणि माईक परत दिला. मी पाया पडलो, जीपमध्ये बसलो, सगळ्यांनी हात हलवले.

आता खरं सांगतो. माझ्याकडे व्हिसाच नव्हता.

होतं ते फक्त कंपनीचं पत्र. मी घरी एवढंच म्हणालो होतो की निवड झाली. निवड हा शब्द गावात पोचला आणि पुढचं सगळं गावानंच केलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरा उतावळा नव्हता, वऱ्हाड होतं. पुण्यातला एजंट म्हणाला, "व्हिसा उद्या येतोय, बॅग घेऊनच या." गेलो. उद्या म्हणजे परवा झालं, परवाचं तेरवा. चौथ्या दिवशी पासपोर्ट परत आला, कोरा. एक कागद कमी होता. कुठला, ते एजंटलाही नीट सांगता येईना. आता नव्यानं अर्ज, नव्यानं स्लॉट. स्लॉट कधी मिळेल? "बघू, प्रोसेसमध्ये आहे."

मग सरळ गावात परत का नाही आलो, असं विचाराल. तुम्हीच विचाराल, यासारखी गंमत नाही. आपल्याकडे एक जण मिलिटरीत भरती झाला म्हणून वाजतगाजत गेला आणि आठ दिवसांत परत आला. आज त्याला नातवंडं आहेत, तरी तुम्ही त्याला मेजर म्हणता. मी परत आलो असतो तर मरेपर्यंत माझं नाव पोलंड पडलं असतं, आणि आप्पांना चौकात चहा प्यायची सोय उरली नसती. माईक हातात घेतलेल्या माणसावर मला ती वेळ आणायची नव्हती.

म्हणून मी यवतला गेलो. तिथे हायवेला माझ्या मामांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मामा म्हणाले, "ऱ्हा की. काम बी लई पडलंय. पर ह्ये खोटं कुठवर चालवायचं?"

"आठ दिवस, मामा."

तीन महिने झाले.

गावापासून तासाभराच्या वाटेवर मी परदेशात राहत होतो. दिवसा ढाब्यांची गेटं आणि ट्रॉल्यांचे सांगाडे वेल्ड करायचे. आपल्या बाजूच्या राहू गावाकडून जीप आली, त्यातून ओळखीचा चेहरा उतरला, की वेल्डिंगचा मास्क तोंडावर खाली. तुमच्यापैकी तिघं जण दुकानात येऊन गेलात. एकानं तर मामांना माझ्यासमोर तासभर सांगितलं की तुमच्या भाच्याला तिकडे कंपनीची गाडी न्यायला येते. मी दोन हातांवर होतो, रॉड जळत होता, आणि कंपनीची गाडी मला त्याच वेळी कळली.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. मामांच्या मागच्या खोलीची पांढरी भिंत, कॅलेंडर काढून ठेवलेलं, अंगात मामांचं जॅकेट, कानाला मफलर. मागे खिडकीत अंधार दिसायचा, तर मी ठोकून दिलं की इकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. इथे आल्यावर कळलं की हे जवळजवळ खरं आहे. तेव्हा मात्र मनानंच सांगितलं होतं. एकदा मागून ट्रकचा गाण्याचा हॉर्न वाजला. आप्पांनी विचारलं, "तिकडं बी आपल्यावाणी ट्रक हायती का?" मी म्हणालो, "ड्रायव्हर आपलेच आहेत, पंजाबचे." ते म्हणाले, "आसतील." फेब्रुवारीत जॅकेटातून घामाच्या धारा लागायच्या आणि आप्पा म्हणायचे, "कान बांधत जा." एकदा यवतला अवकाळी ढग आले होते. त्या दिवशी आप्पा म्हणाले, "आज तिकडं बी वारं सुटलं आसंल." मी म्हणालो, लई सुटलंय. दोन्हीकडे वारा असू शकतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं. इतका मी शहाणा.

त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. मी यवतला येऊन आठवडा झाला असेल. गेट आडवं टाकून काम चाललं होतं आणि दारात आप्पा उभे. मास्क खाली घेतला. ते मामांपाशी बसले, चहा घेतला, गुऱ्हाळांच्या हंगामाचं बोलले. मग उठून गेटापाशी आले आणि गार झालेल्या वेल्डिंगच्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले.

"कुणी केलंय?"

"हाय एक पोरगा," मामा म्हणाले. "युपीचा."

"हात चांगलाय."

मग माझ्याकडे वळून, जन्मात हिंदी न बोललेले आप्पा म्हणाले, "बेटा, मामा के डब्बे में भाकरी है. खा लेना."

पिशवी ठेवून ते गेले. आईनं आपल्या भावासाठी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. मी मास्कच्या आत रडलो. बापासमोर युपीचा पोरगा होऊन बसलो याची लाज वाटत होती, आणि भूकही लागली होती. चार भाकऱ्या खाल्ल्या. नंतर दर आठवड्याला अशी पिशवी येत राहिली. आईला भावाची फारच माया आहे, असं मी समजलो.

मार्चमध्ये व्हिसा आला. या वेळी हार नाही, माईक नाही. मामा आणि मी सकाळी यवतच्या स्टॉपवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. राहूकडून एक जीप आली आणि तिच्यातून आप्पा उतरले, हातात पिशवी. मी मामांकडे बघितलं.

"म्या काय न्हाई सांगितलं," मामा म्हणाले. "म्या फकस्त म्हनलं, युपीचा पोरगा उद्या चाललाय."

"आप्पा, तुम्हाला कवापासून माहीत हाय?"

"गेट बघितलं तवापासनं. वेल्डिंग म्या शिकवलंय तुला. वळखू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाई? तीन महिने मी भिंतीपुढं जॅकेट घालून बसतोय!"

"तू मास्क खाली घेतलास," आप्पा म्हणाले. "म्हनलं, पोराला दाखवायचं नसंल. आईला बी सांगितलं न्हाई. तिला सांगितलं आसतं तर तीच येऊन ऱ्हायली आसती."

गाडी आली. मी पाया पडलो. या वेळीही ते तेवढंच म्हणाले, जपून ऱ्हा.

आता इथे दुसरा हिवाळा आहे. ट्रेलरचे सांगाडे वेल्ड करतो, यवतला करायचो तसेच, फक्त मोठे. खोलीत दोन नेपाळी आहेत, हिंदीवर भागतं. पहिला पोलिश शब्द शिकलो तो युत्रो, म्हणजे उद्या. राहायचं कार्ड मिळायला पुन्हा अर्ज, पुन्हा स्लॉट, आणि खिडकीमागची बाई म्हणते, युत्रो. पुण्याचा एजंट तिचा लांबचा भाऊ असावा. म्हणून त्या पोराला सांगा, व्हिसा पासपोर्टात चिकटलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला सांगू नकोस. आणि तुम्ही, शुभेच्छुकांनो, फ्लेक्स छापायचाच असला तर त्याच्या खाली एक ओळ टाका: नाही जमलं तरी परत ये, मेजर म्हणणार नाही. तेवढं वाचलं असतं तर मी चौथ्या दिवशी घरी आलो असतो.

परवा इथे खरा बर्फ पडला. मी बाहेर उभा राहून आप्पांना कॉल लावला आणि मोबाईल गोल फिरवून सगळं दाखवलं. छपरं पांढरी, झाडं पांढरी, माझ्या टोपीवर बर्फ. आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "यवतला लई पडलाय का रं औंदा?"

"लई पडलाय, आप्पा," मी म्हणालो.

"कान बांध," ते म्हणाले. "आन् मामाला इचार, भाकरी धाडू का."