डाव्या खिडकीतला धूर

बाबांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. घरी आल्यावर बाबा दोनच गोष्टी बोलले. नागपूरला जाऊन दीक्षाभूमी बघायची, आणि जायचं ते विमानाने. आमच्या गावचं, शेणव्याचं शेत त्यांना एकदा वरून बघायचं होतं.

मी ठाण्याला नोकरीला होते आणि तिकिटं नुकतीच आवाक्यात आली होती. काढून टाकली. पण खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची? आमच्यात कोणी विमानात बसलेलं नव्हतं, विचारणार कोणाला? बाबा आठवडाभर बांधावर बसून वर बघत राहिले. सगळी विमानं मुरबाडच्या अंगाने जायची, शेत त्यांच्या उजव्या हाताला. "उजवीच घे गो," ते म्हणाले. "डावी घेतलीस तर मुरबाड बघत बसू."

शिमग्याआधीचे दिवस होते. घरापुढच्या तुकड्यात आईने राब रचला होता, शेण, पाला, गवत आणि वर मातीचा थर. तो भाजला की तण मरतं, मग त्याच जागी भाताची रोपं करायची. बाबांनी तिला बजावलं, "आमचं विमान दिसलं का पेटव. धुरावरनं मी शेत वळखीन." आईने काडेपेटी कनवटीला लावली.

विमानाचा दरवाजा बंद झाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधावरून दिसायची ती विमानं मुंबईला उतरणारी, म्हणून तर इतकी खालून जायची. आम्ही मुंबईहून निघालो होतो. तोंड उलटं, म्हणजे बाजूही उलटी. रोज कॉम्प्युटरवर बसते म्हणून मिरवत होते आणि एवढं साधं कळू नये? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डाव्या खिडकीशी एक गृहस्थ पेपर वाचत होते. विमान हललं होतं. मी पट्टा सोडून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हवाईसुंदरी मागून बसा बसा करत होती. मी सरळ सांगून टाकलं, "माझ्या वडिलांची नजर चाललीय. त्यांना त्यांचं शेत बघायचंय आणि ते तुमच्या बाजूला आहे." ते उघडा पेपर हातात घेऊन तसेच उठले.

बाबांनी काचेला कपाळ लावलं ते काढलंच नाही. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. डोंगर आले, धरणाचं पाणी आलं, मग धूर दिसला. पण एक नाही, दहा-बारा. सगळ्या तालुक्याने राब पेटवले होते. यातला आमचा कुठला?

"तो बघ," बाबांनी काचेवर बोट ठेवलं. "सरळ वर गेलाय. तुझ्या आयनंच पेटवलाय." मी हो म्हटलं.

चार दिवसांनी संध्याकाळी परतलो. त्या मंद उजेडात बाबांना पायरीसुद्धा दिसत नव्हती. मला मात्र घरापुढचा राब दिसला, जसाच्या तसा. आई माझ्या कानाशी आली. "समदी इमानं मुंबईकडंच चाललेली गो. तुमी तर तिकडनं येणार. तुमचं दिसंल म्हणून दुपारपत्तर उभी होते, लई वरनं गेलं असंल, दिसलंच नाय."

ओट्यावरून बाबांनी विचारलं, "येळेवर पेटवलास ना? धूर बघितला मी."

आईने माझ्याकडे बघितलं. "पेटवला की," ती म्हणाली.

सकाळी बाबा उठायच्या आत तिने चुलीतली राख पाट्या भरभरून राबावर पसरली, तो भाजल्यासारखा दिसावा म्हणून. आता तो पेटवायची सोय उरली नव्हती, वास त्यांच्या नाकात गेला असता. पावसाळ्यात रोपांपेक्षा तणच जास्त माजलं. आई रोज सकाळी वाकून ते एकेक काडी उपटायची. बाबांना तोवर काहीच दिसेनासं झालं होतं. "रोपं कशी हायत?" ते ओट्यावरून विचारायचे.

"राब चांगला भाजलेला," आई सांगायची, आणि हातातलं तण आवाज न करता बांधावर ठेवायची.